हेलिकॉप्टरांची हजेरी

विनुता दिल्लीहून निघाली तेव्हा तिच्याजवळ उत्तर तयार होतं. तंजावूरला ती फक्त त्याची खात्री करून घ्यायला चालली होती.

ती संरक्षण खात्यात गणिती होती. भूदल, नौदल आणि वायुदल या तिघांनीही नवी हेलिकॉप्टरं मागितली होती. पैसा मंजूर होण्याआधी कुणीतरी तिन्ही मागण्या शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात, कुठली गरज खरी आणि कुठली दोनदा-तीनदा मोजली गेली ते सांगावं, म्हणून एक लहानशी समिती नेमली होती. नौदलाचे कमोडोर मुरलीकृष्ण तिचे प्रमुख. भूदलाकडून कर्नल ग्रेवाल, वायुदलाकडून एक ग्रुप कॅप्टन, आणि आकडेमोडीसाठी विनुता. गणवेश नसलेली तेवढी एकटीच.

तिन्ही दलांनी पुरावा म्हणून एकाच वादळाचा दाखला दिला होता. पाच वर्षांपूर्वी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशावर ते आलं, तेव्हा मदतीला तिन्ही दलांची हेलिकॉप्टरं गेली होती. किती वेळा बोलावणं आलं आणि आपल्याला जाता आलं नाही, हे प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहिलं होतं. तिघांचं मिळून त्रेसष्ट वेळा. एवढ्या वेळा नाही म्हणावं लागलं, म्हणजे हेलिकॉप्टरं कमी आहेत, असा हिशेब.

विनुताने ते कागद पंधरा दिवस चाळले आणि तिला एक गोष्ट दिसली. त्रेसष्टांपैकी एकतीस नोंदी एकाच ठिकाणच्या होत्या. ओरत्तनाडूच्या पुढे कालव्याकाठी एक सरकारी शाळा आहे, तिथे बारा गावांची माणसं आसऱ्याला होती. तारखा त्याच, वेळाही जवळपास त्याच. तिने ओळखलं की नियंत्रण कक्षातून एकाच कामासाठी तिघांनाही फोन जात असणार. एकजण जाऊन आला की उरलेले दोघे लिहीत, "जाता आलं नाही." यात खोटं कुणाचंच नव्हतं. ज्याने त्याने आपल्यापुरतं खरं लिहिलं होतं. पण बेरीज केली की झालेलं एक काम दोनदा न झालेलं दिसायचं.

म्हणून तिने त्या एकतीसही नोंदी मसुद्यातून काढून टाकल्या. मागणी चांगलीच खाली आली. तिला मनातून आनंदही झाला होता.

कमोडोरांनी मसुदा वाचून बाजूला ठेवला.

"तुमचा तर्क मला पटतो," ते म्हणाले. "पण आम्ही तिघं एकमेकांचे कागद मानणार नाही, आणि तुमचा तर्क तर कुणीच मानणार नाही. तिथे कोण कधी उतरलं, हे सांगणारं चौथं कुणीतरी शोधा. तंजावूर तुमचं गावच आहे ना?"

तंजावूरच्या जिल्हा कचेरीत दोन दिवस गेले; नियंत्रण कक्ष तिथेच होता. लोक चांगले होते, जुनी कपाटं उघडून दाखवत होते. पण वादळाच्या त्या आठवड्यात फोन घेणाऱ्यांना लिहायला उसंतच मिळाली नव्हती. सुटे कागद होते, त्यांतले अर्धे भिजून गेले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी विनुता राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आपल्या घरी तोंड पाडून इडली खात बसली होती.

तिचं काम काय आहे हे तिची आई, कामाक्षी, कधी विचारत नसे. तंजावूरच्या जुन्या मराठीत एवढंच म्हणाली, "जें शोधाया आलीस, तें गावलें नाहीं वाटतें."

"आई, ओरत्तनाडूच्या पुढें कालव्याकडची ती शाळा. वादळांत लोक तेथें राहिले होते नं? तेव्हांचें कोणी ठाऊक आहे का तुला?"

"अंबुजा टीचर तेव्हां तेथेंच हेडमिस्ट्रेस होती की," आई म्हणाली. "आतां रिटायर झाली. पलीकडच्या गल्लींत राहते. तुला नववींत गणित कोणी शिकवलें, विसरलीस?"

विनुता विसरली नव्हती. उत्तर बरोबर आलं तरी अंबुजा टीचर वहीत लाल शाईने विचारायच्या, "कसें आलें?" ते "कसें" लिहिल्याशिवाय गुण मिळत नसत.

टीचर तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, कढीपत्ता निवडत बसल्या होत्या. साठी उलटलेल्या, केस पांढरे, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. विनुताला त्यांनी आधी ओळखलं नाही; मग ओळखलं आणि हात धरून शेजारी बसवलं.

"वादळांत तुमच्या शाळेंत हेलिकॉप्टरें उतरत होतीं, टीचर. किती उतरलीं, कधीं उतरलीं, कांही आठवतें का?"

"आठवाया कशाला पाहिजे?" टीचर उठल्या. "लिहिलें आहे की."

त्या आतून एक लांबट वही घेऊन आल्या. शाळेचा हजेरीपट होता. पुढच्या पानांवर सहावीच्या मुलांची नावं. मागच्या बाजूने उलटी उघडली की मात्र निराळंच काही. अक्षर तमिळ होतं, पण विनुताने दोन ओळी ओठांत वाचल्या तेव्हा कळलं, भाषा मराठी आहे. टीचरना नागरी लिपी कधी कुणी शिकवली नव्हती. घरातली भाषा त्या शाळेतल्या अक्षरांत लिहीत.

"चारशें बारा माणसें होतीं शाळेंत," टीचर सांगू लागल्या. "करंट नाहीं, फोन एकच चालत होता. मला भय वाटलें की कोण गेलें, कोण राहिलें, तें कोणालाच कळायचें नाहीं. मग पोरांचा पट घेतला. तीस वर्षें रोज सकाळीं पट घेतला मीं. दुसरें काय येतें मला?"

पानांवर रकाने आखलेले होते. तारीख, वेळ, हेलिकॉप्टरचा रंग, शेपटीवरचा आकडा. कोण चढलं त्यांची नावं. आणि शेवटी एक रकाना, त्यात कुठे "हजर", कुठे "गैरहजर".

"गैरहजर म्हणजे?"

"बोलावलें आणि आलें नाहीं, तें गैरहजर. वर्गांत पोर आलें नाहीं तरी नांव तर लिहितों की आपण."

विनुता बघतच राहिली. जे घडलं नाही त्याची नोंद. तिन्ही दलांच्या कागदांवर तिने दोन आठवडे जे शोधलं, ते एका बाईने बोटाएवढ्या पेन्सिलीच्या तुकड्याने लिहून ठेवलं होतं.

ती घाईघाईने "गैरहजर"च्या ओळी मोजायला लागली. टीचरनी वहीवर हात ठेवला.

"आधीं हजर वाच."

"वाचतें, टीचर, पण मला हव्या त्या ओळी..."

"आधीं हजर," टीचर म्हणाल्या. नववीच्या वर्गातला तोच आवाज होता. "आले त्यांचें आधीं वाचायचें. नाहीं आले त्यांचें मागून."

म्हणून विनुताने हजर वाचलं. बावीस वेळा हेलिकॉप्टर उतरलं होतं. एकशे त्रेसष्ट माणसं त्यातून गेली. पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता पांढरं आलं, त्यात दोन म्हातारे आणि लावण्या नावाची बाई, दिवस भरलेली. पुढे कंसात: "मुलगी झाली असें कळलें. देव बरें करो." दुसऱ्या दिवशी हिरवं आलं, तांदूळ आणि औषधं टाकून पाच जणांना घेऊन गेलं. "दोघांना सुक्कु कापी दिली. बसले नाहींत. उभ्यानेंच प्याले." सुक्कु कापी म्हणजे सुंठीची कॉफी. प्रत्येक हजेरीपुढे असं काहीतरी होतंच. कुणी लेकरू उचलून घेतलं, कुणी म्हाताऱ्याच्या कानांना आपला रुमाल बांधला.

"नांवें विचारायचीं राहिलीं," टीचर म्हणाल्या. "त्या पंख्याच्या आवाजांत कांही ऐकूं येत नव्हतें. आकडा तेवढा वाचतां येत होता, म्हणून आकडे लिहिले. एकालाही धड थँक्स म्हणतां आलें नाहीं मला. पांच वर्षें तेंच मनांत आहे."

मग विनुताने गैरहजर वाचलं.

शाळेतून चौदा वेळा मुद्दाम बोलावणं गेलं होतं. तिन्ही दलांकडच्या एकतीस नोंदी म्हणजे ही चौदा बोलावणी. तिचा तर्क खरा होता. त्यांपैकी पाच वेळा कुणी ना कुणी आलं; बाकीच्या सतरा फेऱ्या न बोलावता झालेल्या. नऊ वेळा कुणीच नाही.

ती त्या नऊ ओळींच्या वेळा वाचायला लागली. पावणेपाच. सव्वासहा. सात. पाच. साडेसहा. तिने परत वरून खाली बोट फिरवलं. नऊच्या नऊ बोलावणी दुपारी साडेचारनंतरची होती, हेलिकॉप्टर पोचेपर्यंत अंधार पडावा अशा वेळेची. दिवसाउजेडी बोलावलं तेव्हा एकदाही गैरहजेरी नव्हती.

शेवटून तिसरी ओळ अशी होती: "मणी, स्वयंपाकी. सरपण काढतां साप चावला. सहा वाजून दहा. कंट्रोल रूमला फोन केला. तिघांना सांगितलें म्हणाले. गैरहजर." तिच्याखाली वेगळ्या दिवसाची तारीख घालून एकच शब्द होता, "गेला."

विनुताच्या कागदावर तीच वेळ तीन ठिकाणी होती. तिन्ही ठिकाणी एकाच कामाची नोंद, म्हणजे कुणीतरी एकजण गेला असणार असं धरून तिने तिन्हींवर रेघ मारली होती. तिघांनीही "जाता आलं नाही" लिहिलं, तर मग गेलं कोण, हे तिने विचारलंच नव्हतं.

"टीचर," ती कशीबशी म्हणाली, "मी हें खोडलें होतें."

काय खोडलं, कुठे खोडलं, ते तिला सांगता येत नव्हतं. टीचरनी विचारलंही नाही. त्यांनी कढीपत्त्याची सुपली बाजूला सारली.

"रस्त्यावर पाणी होतें, झाडें पडलीं होतीं," त्या म्हणाल्या. "मणी पहांटेपर्यंत शुद्धींत होता. मला म्हणाला, टीचर, सकाळचा भात कोण लावणार? मीं म्हटलें, मी लावतें."

"तुम्हांला राग नाहीं आला?"

"आला की. पण कोणावर धरूं? सकाळीं पावणेसातला हेलिकॉप्टर आलें. त्यांतल्या माणसानें मणीला पाहिलें आणि टोपी काढून चिखलांत उभा राहिला. त्याच्यावर राग धरूं? काळोखांत उतरायचें यंत्र त्याच्याजवळ नसेल. असतें तर तो आला असता." त्यांनी वही मिटून विनुताच्या मांडीवर ठेवली. "घेऊन जा. पण परत आण. त्यांत सहावीचीं पोरें आहेत."

दिल्लीतल्या बैठकीत विनुताने आधी आपली चूक सांगितली. मसुद्यातून काढलेल्या एकतीस नोंदींमागची नऊ कामं खरोखरच झाली नव्हती, आणि ती सगळी दिवस कलल्यावरची होती, असं तिने मांडलं. दिवसाच्या कामाला तिघांची मिळून हेलिकॉप्टरं पुरतात. अंधारात, पाण्यावरून, आजारी माणसाला आडवं घालून आणायला जी लागतात, ती कुणाकडेच पुरेशी नाहीत. आणि तिघांनीही आपल्या योजनेत धरलंय की ते काम दुसरा करील.

कर्नल ग्रेवालांनी हजेरीपटाच्या भाषांतराची पानं उलटली.

"मॅडम, देशाची तीन दलं काय विकत घेणार, ते शाळेच्या एका वहीवरून ठरवायचं?" ते म्हणाले. "आणि ही वही बरोबरही नाही. आमच्या उड्डाणाच्या नोंदी मी आणल्या आहेत. दोन तारखेला आमचं हेलिकॉप्टर अकरा छत्तीसला उतरलं. इथे अकरा चाळीस लिहिलंय. पुढचं एक वाजून दोन मिनिटांनी, इथे एक वाजून सहा. एकही वेळ जुळत नाही."

विनुताने त्या वेळा एकाखाली एक लिहून पाहिल्या. तिने पाच मिनिटं मागून घेतली आणि खाली गेली. मोबाइल फाटकाशी जमा करावे लागत. आपला फोन घेऊन तिने रस्त्याकडेच्या कडुनिंबाखालून टीचरना लावला.

"टीचर, तुम्ही वेळ कोठल्या घड्याळांत पाहत होतां?"

"ऑफिसांतल्या. भिंतीवरच्या."

"तें बरोबर होतें?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "कसें असेल? चार मिनिटें पुढें होतें. मीच लावून ठेवलें होतें. पोरें घंटेला वेळेवर यावीं म्हणून. का ग?"

विनुता जिने चढून वर आली तेव्हा तिला दम लागला होता. तिने टीचर काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं.  मग कमोडोरांनी तिन्ही दलांच्या उड्डाणनोंदी आपल्यापुढे ओढल्या आणि एकेक वेळ मोठ्याने वाचायला लागले. विनुता वहीतली वाचत गेली. सहा छप्पन्न, सात. नऊ एकोणीस, नऊ तेवीस. अकरा छत्तीस, अकरा चाळीस. बावीसही वेळा चार मिनिटांचाच फरक. शेपटीवरचे आकडेही जुळले, नौदलाचे, वायुदलाचे, भूदलाचे.

"इतकी नेटकी नोंद आमच्या तळावर झाली तर मी खूश होईन," ग्रुप कॅप्टन म्हणाले.

कर्नल ग्रेवाल मात्र अकरा चाळीसच्याच ओळीवर थांबले होते. तिथे पुढे लिहिलं होतं, दोघांना सुक्कु कापी दिली, उभ्यानेच प्याले. त्यांनी चष्मा काढला.

"यातला एक मुलगा माझ्या हाताखाली शिकलेला," ते हळूच म्हणाले. "हे त्याला कुणीच सांगितलं नसेल. आम्ही किती वेळा जाता आलं नाही तेवढं लिहून पाठवलं. गेलो त्याचं असं कुणी लिहिलंच नाही." मग ते कमोडोरांकडे वळले. "मॅडमचं बरोबर आहे, सर. आमच्या मागणीतून दिवसाची कमी करा. मी वर समजावीन. पण रात्रीचं पहिल्या ओळीत यायला हवं, आणि ते कुणा एकाचं म्हणून नको. तिघांचं म्हणून."

अहवाल त्याप्रमाणे झाला. आधीच्या तिन्ही मागण्यांच्या बेरजेपेक्षा हेलिकॉप्टरं बरीच कमी. पण त्यांतली पहिली तुकडी अंधारात उतरू शकणारी, रुग्णाला आडवं नेता येईल अशी, आणि तिचे चालक तिन्ही दलांतून एकत्र तयार केलेले. शेवटच्या जोडपत्रात कमोडोरांनी एक ओळ स्वतः घातली: या निष्कर्षाबद्दल समिती श्रीमती अंबुजा, निवृत्त मुख्याध्यापिका, यांची ऋणी आहे.

अहवाल गोपनीय होता; ती ओळ टीचरना दाखवता येणार नव्हती. म्हणून विनुताने दुसरं काम अंगावर घेतलं. हजेरीपटातले शेपटीचे आकडे कर्नल आणि ग्रुप कॅप्टनना दिले, नौदलाचे कमोडोरांनी पाहिले. महिन्याभरात अकरा नावं हाती आली. त्या अकरा जणांना टीचरनी इंग्रजीत, ठळक अक्षरात, अकरा वेगवेगळी पत्रं लिहिली. एकात दुसऱ्याची नक्कल नव्हती.

पोंगलला विनुता वही परत करायला तंजावूरला आली. टीचर फाटकातच भेटल्या, बोलायला अधीर झालेल्या.

"सौम्या म्हणून एक आहे. पायलट! त्या पांढऱ्या हेलिकॉप्टरांत मुलगी होती, मला कळलेंच नव्हतें. तिनें फोन केला. काय म्हणाली ठाऊक आहे? बाकी सगळीकडे उतरलों कीं माणसें धांवत अंगावर येत, तुमच्या मैदानांत तेवढी रांग होती. म्हातारे पुढें, लेकरें पुढें. ती म्हणाली, ती रांग पाहून मला परत परत यायचें बळ आलें. मी तिला थँक्स म्हणतें आहे आणि ती मला म्हणते आहे. दोघी रडत होतों."

दुपारी दोघी बसने ओरत्तनाडूला गेल्या आणि तिथून रिक्षाने शाळेपर्यंत. मणीची बायको अंबा आता शाळेत स्वयंपाक करते. सुट्टी होती, तरी ती टीचर येणार म्हणून शाळेच्या पडवीत चूल पेटवून थांबली होती. टीचरनी तमिळमध्ये सांगितलं की ही विनुता, हिने वही दिल्लीला नेली, मोठ्या माणसांनी ती वाचली. मणीची ओळही वाचली.

अंबाने हात पुसले आणि विनुताला नीट न्याहाळलं.

"म्हणजे आता रात्री येईल?" तिने विचारलं.

विनुताला होही म्हणता येत नव्हतं आणि नाहीही. कागद अजून वर जायचा होता, तिथून आणखी वर. तिने जेवढं खरं होतं तेवढंच सांगितलं.

"मागितलंय. आधी तिघं वेगवेगळं मागत होते. आता तिघांनी मिळून रात्रीचंच आधी मागितलंय."

अंबाने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग तिने मान हलवली, पुन्हा एकदा हलवली.

"तेवढं पुरे," ती म्हणाली. "कुणाच्या तरी घरच्याला उपयोगी पडेल." आणि चुलीवरून भांडं उतरवून तिने केळीच्या पानावर विनुताला गरम गोड पोंगल, म्हणजे गुळाचा भात, वाढलं, वर तूप ओतलं, आणि ती पहिला घास घेईपर्यंत समोर बसून राहिली.